ओल्या कागदावरचा पांढरा वाघ

वाटीत कोमट पाणी, शेजारी जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा आणि चिमट्याच्या टोकात नखाएवढा कागद. फिकट निळसर कागदावर झेप घेतलेला एक पांढरा वाघ. कागद पाण्यात सोडला की आधी वळवळतो, त्याची गुंडाळी होते, मग जरा वेळानं तो आपला आपणच सरळ होतो. पंधरा आकडे मोजायचे आणि बाहेर काढून बनियनवर ठेवायचा. आता घाई करायची नाही. मिनिटभरानं वाघाला बोटाच्या टोकानं हलकेच ढकलून बघायचं. हलला, तर तयार. कागद तिथंच राहतो आणि वाघ त्याच्यावरून सरकतो, शेवाळलेल्या फरशीवरून पाय सरकावा तसा.

हे मी किती वेळा केलंय याचा हिशेब नाही. पण चित्र कागद सोडून निघतं, त्या क्षणी अजूनही माझा श्वास अडतो. घरातले म्हणतात, एवढ्याशा कागदासाठी जेवण निवत ठेवतोस. ठेवतो खरा.

हा वाघ निघालाय सी हॅरिअर विमानाच्या शेपटावर बसायला. विमान प्लास्टिकचं, एकास बहात्तर मापाचं. म्हणजे खरं साडेचौदा मीटरचं विमान माझ्या टेबलावर वीस सेंटिमीटरचं झालंय. वाघ आहे आपल्या नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा. ‘व्हाइट टायगर्स’ हे तिचं नाव आणि गोव्याचं दाबोळी हे तिचं घर. विमानाच्या डब्यात हा वाघ नव्हता. तो वेगळा विकत घ्यावा लागला, दुसऱ्या देशातून, पाकिटात घालून आलेल्या पोस्टकार्डाएवढ्या शीटवर. या छंदातली माणसं अशा शीटला ‘आफ्टरमार्केट डेकल’ म्हणतात. मराठी शब्द मी पुष्कळ शोधला. ‘चिकटचित्र’ म्हटलं की डब्यावरचं स्टिकर डोळ्यांपुढं येतं, आणि हा प्रकार स्टिकर नव्हेच. तेव्हा डेकलच म्हणू.

तशी ही जादू तुमच्या घरातही कधीतरी येऊन गेली आहे. आजीच्या शिलाई मशीनच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आठवा. बघताना वाटायचं, कुणीतरी बारीक कुंचल्यानं काढली असेल. ती कागदावरून उतरवलेली असायची. सायकलच्या दांडीवरचं कंपनीचं नाव, चिनी मातीच्या कपावरचा गुलाब, सगळी त्याच गोतातली. कपावरचा गुलाब तर आणखी नवलाचा. तो पाण्यातून कपावर सरकवतात आणि कप भट्टीत घालतात. तिथं गुलाबाला धरून ठेवणारा पापुद्रा जळून जातो आणि रंग तेवढे काचेच्या लेपात मुरतात. ‘डेकल’चा मूळ शब्द फ्रेंच आहे, ‘डेकालकोमनी’. त्याच्या शेपटीत ‘वेड’ दडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत या चित्रं उतरवण्याचं खरोखरच वेड पसरलं होतं. पेट्या, फुलदाण्या, पंखे, जे हाताला लागेल त्यावर लोक चित्रं उतरवत सुटले होते.

आता त्या नखाएवढ्या कागदाचे थर बघा. तळाला पाणी पिणारा कागद. त्यावर पिष्टापासून केलेल्या डिंकाचा लेप. डिंकावर पारदर्शक वार्निशचा पापुद्रा आणि पापुद्र्यावर शाई. कागद पाण्यात पडला की खालून पाणी शोषतो. पाणी डिंकापर्यंत पोचतं, डिंक विरघळतो. वार्निश मात्र पाण्याला दाद देत नाही. म्हणून मधला थर तेवढा बुळबुळीत होतो आणि वरचं चित्र अख्खंच्या अख्खं तरंगू लागतं. चित्राच्या पाठीला थोडा डिंक राहतोच, आणि तोच पुढं त्याला विमानाला धरून ठेवतो. म्हणून कागद पाण्यात विसरून फोन घ्यायला गेलात, तर चित्र सुटतं खरं, पण डिंक पाण्यात जातो आणि मग ते विमानावर नीट बसत नाही. ज्यानं पकडून ठेवायचं त्यानंच आधी सोडायचं, एवढ्या नाजूक तोलावर हे सगळं उभं आहे.

या मापात वस्तू किती बारीक होतात, तेही जरा मोजून बघू. १/७२ हे माप आलं फूट-इंचांतून. सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो, इतका साधा हिशेब. खऱ्या विमानावर जागोजागी बारीक सूचना लिहिलेल्या असतात: इथं पाय देऊ नये, इथून इंधन भरावं, इथं ओढल्यास वैमानिकाची काच उडते. त्यातलं एखादं अक्षर खऱ्या विमानावर २५ मिलिमीटर उंच असेल, तर डेकलवर ते साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. भिंग लावून बघितलं तर वाचता येतं! छपाईचं काम चांगलं असेल तर. इटलीतल्या कार्टोग्राफ या छापखान्याचं नाव शीटच्या कोपऱ्यात दिसलं की दुकानात उभी असलेली माणसं उगाच एकमेकांकडे बघून मान हलवतात, ती त्यासाठीच.

याच गणिताची उलटी बाजू म्हणजे चुकाही बहात्तरपट होतात. तिरंगी वर्तुळ छापताना केशरी आणि पांढरा यांत ०.२ मिलिमीटरचा फरक पडला, तर खऱ्या विमानावर तो १४ मिलिमीटरचा होईल. कुठलाही रंगारी एवढी चूक करून घरी जाणार नाही. पापुद्र्याची जाडी ०.०२ मिलिमीटर धरली, तरी बहात्तरनं गुणल्यावर ती जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढी होते. म्हणजे लढाऊ विमानाच्या अंगावर नाण्याएवढा जाड पत्रा चिकटवलाय, असं दिसायला हवं. ते तसं दिसू द्यायचं नाही, हीच सगळी धडपड. त्याकडे येतोच.

आधी हा प्रश्न, की डब्यात डेकल मिळत असताना बाहेरचं कशाला?

डब्यातल्या शीटवर दोन-तीन विमानांच्या खुणा असतात आणि त्या बहुतेक वेळा सर्वांत जास्त खपेल अशाच विमानाच्या. सी हॅरिअर म्हटलं की जगाला आठवतं ते १९८२चं फॉकलंड युद्ध. आणि गंमत अशी, की त्या एकाच युद्धात ही विमानं किती रूपांत दिसली ते बघितलं की डेकलचा खरा अर्थ कळतो.

५ एप्रिल १९८२ला ब्रिटिश नौदलाची ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका पोर्ट्समथहून निघाली, तेव्हा तिच्यावरच्या सी हॅरिअर विमानांचं अंग वरून गडद राखाडी आणि खालून पांढरंशुभ्र होतं. शेपटावर स्क्वॉड्रनची चिन्हं, बाजूला लाल-पांढरी-निळी वर्तुळं. शांततेच्या काळातला हा पोशाख. युद्धात पांढरं पोट म्हणजे शत्रूला दाखवलेला आरसा. मग दक्षिणेकडे जाता जाता, जहाजाच्या पोटातल्या हँगरमध्येच, विमानं सगळी गडद राखाडी रंगवून टाकली. हर्मिसवर हे काम चक्क ब्रशनं झालं. चिन्हं झाकली, वर्तुळातला पांढरा रंग झाकला, उरला लाल ठिपका आणि निळं कडं. पुढं मे महिन्यात ८०९ स्क्वॉड्रनची विमानं येऊन मिळाली, ती फिकट राखाडी होती. फार्नबरोचे फिलिप बार्ली यांनी सुचवलेला हा रंग, त्यांच्या नावावरून ‘बार्ली ग्रे’ म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे प्लास्टिकचे भाग तेच, साचा तोच, पण मार्चमधलं विमान वेगळं, एप्रिलअखेरचं वेगळं, मेमधलं आणखी वेगळं. किट तुम्हाला विमान देतं. कुठलं, कुणाचं, कुठल्या दिवसाचं, हे डेकल सांगतं.

आणि ज्या नौकेच्या पोटात ती रंगरंगोटी झाली, ती पुढं आपल्याकडे आली. १२ मे १९८७ला हर्मिसची ‘विराट’ झाली. गोव्याच्या पांढऱ्या वाघांची सी हॅरिअर विमानं मग तिच्याच डेकवरून उडू लागली. मुंबईकरांनी नौदल सप्ताहात रांगा लावून पाहिलेली विराट ती हीच. २०१७च्या मार्चमध्ये ती निवृत्त झाली आणि २०२०मध्ये अलंगला मोडीत गेली. माझ्या टेबलावर दोन सी हॅरिअर शेजारी शेजारी ठेवायची, एक १९८२चं काळपट आणि एक वाघ मिरवणारं, एवढाच माझा बेत आहे. दोघांचं जहाज एक.

आपली पहिली तीन सी हॅरिअर डिसेंबर १९८३मध्ये दाबोळीला उतरली. पुढं ॲडमिरल होऊन नौदलप्रमुख झालेले अरुण प्रकाश तेव्हा या स्क्वॉड्रनचे प्रमुख होते. एकूण २३ एकआसनी विमानं आली. सुरुवातीची विमानं वरून गडद राखाडी, खालून पांढरी होती. म्हणजे ब्रिटिशांनी दीड-दोन वर्षांपूर्वी युद्धाला जाताना टाकून दिलेला पोशाख आपल्याकडे नवाकोरा होऊन आला. नंतरच्या काळात तीही फिकट राखाडी होत गेली. मे २०१६मध्ये सी हॅरिअर निवृत्त झालं आणि व्हाइट टायगर्सकडे मिग-२९के आलं. सी हॅरिअरच्या आधी, १९६०पासून, याच स्क्वॉड्रनकडे सी हॉक होतं. १९७१च्या डिसेंबरात विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले ते सी हॉक विमानांनी. एका वाघानं तीन विमानं पाहिली.

आता वाघाच्या रंगाचं बोलू, कारण पांढरा रंग ही डेकल छापणाऱ्याची खरी परीक्षा.

तुमच्या घरातला प्रिंटर पांढरं छापू शकत नाही. कधी लक्षात आलंय? तो निळा, लाल, पिवळा, काळा छापतो आणि जिथं पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडून मोकळा होतो. कागद पांढरा असणार हे त्यानं गृहीतच धरलेलं असतं. पण डेकलचा पापुद्रा पारदर्शक. घरच्या प्रिंटरवर पांढरा वाघ छापला तर उमटतात फक्त त्याचे पट्टे आणि डोळे, वाघ गायब. पारदर्शक शाईचा पिवळा पट्टा गडद राखाडी विमानावर लावला तर तो शेवाळी दिसतो. म्हणून प्रत्येक फिकट रंगाखाली आधी पांढरा थर लागतो आणि त्यावर तो रंग, कडा एकमेकींना बरोबर भिडतील असा. आल्प्स या जपानी कंपनीचे एक प्रकारचे प्रिंटर होते, त्यांत शाईऐवजी रंगीत फिती असायच्या आणि त्यांत पांढरी आणि सोनेरी-चंदेरी फीतही मिळायची. ते प्रिंटर बंद होऊन बरीच वर्षं झाली. जगभरात कुणाकुणाच्या माळ्यावर अजून एखादा चालू अवस्थेत असतो आणि त्याचा मालक फिती अशा जपून ठेवतो, जसं घरातलं केशर.

मोठं काम मात्र स्क्रीन प्रिंटिंगवर होतं. लग्नपत्रिका आणि दुकानाच्या पिशव्या छापतात तीच विद्या. जाळीतून शाई ओढायची, एका रंगाला एक जाळी. फरक फक्त अचूकतेचा. यात शाई आधीच हव्या त्या छटेची मिसळून घेतात. म्हणून केशरी खरंच सलग केशरी उमटतो. चार रंगांच्या ठिपक्यांनी केलेला केशरी भिंगातून बघा, पिवळ्यावर लाल ठिपके दिसतात. ०.१ मिलिमीटरचा ठिपका खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरचा झाला असता. तिरंगी वर्तुळाला गोवर आल्यासारखं दिसतं ते. शिवाय परदेशी छापखान्याला केशरी म्हणजे संत्र्याचा रंग वाटतो, आणि आपल्याला तो झेंड्याचा रंग माहीत असतो. दोन्हींत फरक आहे. शब्दांत सांगता येणार नाही, पण शीट हातात घेतल्या घेतल्या कळतो.

छापायच्या आधी ठरवावं लागतं काय छापायचं, आणि तिथं या छंदाचं रूपांतर गुप्तहेरगिरीत होतं. जुने फोटो काळे-पांढरे. विमानाच्या नाकावर एक गडद पट्टा दिसतो. तो लाल की निळा? आपण म्हणू, निळा असेल. पण पहिल्या महायुद्धातल्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. लाल तिच्यावर काळा उमटायचा आणि निळा इतका फिका, की पांढऱ्याशी घोटाळा व्हावा. त्या काळातल्या ब्रिटिश विमानांचे फोटो काढून बघा. वर्तुळातली मधली लाल टिकली काळीभोर आणि बाहेरचं निळं कडं धुतल्यासारखं दिसतं. पुढच्या काळातल्या फिल्मवर हे गणित बदललं. म्हणजे फोटोत काय दिसतं ते बघायच्या आधी, फोटो कशावर घेतलाय ते शोधा. एक पट्टा लाल करायचा की निळा, यावर दोन माणसं वर्षानुवर्षं बोलणं टाकतात. मी अशी एक जोडी ओळखतो. दोघंही सज्जन आहेत.

ही वर्तुळं म्हणजे राउंडेल, ती मुळात आलीच ओळख चुकू नये म्हणून. फ्रेंचांनी १९१२मध्ये सुरुवात केली. १९१४मध्ये ब्रिटिशांनी पंखांवर आपला झेंडा रंगवला, पण त्यातली फुली दुरून जर्मन क्रूसासारखी दिसायची आणि खालून आपलेच सैनिक गोळ्या झाडायचे. मग त्यांनी फ्रेंचांचं वर्तुळ घेतलं, रंगांचा क्रम उलटा करून. दुसऱ्या महायुद्धात हाच घोळ आपल्या पूर्व सीमेवर झाला. जपानी विमानांवर लाल सूर्य, आणि ब्रिटिश वर्तुळाच्या मध्यभागी लाल ठिपका. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो लाल काढूनच टाकला. उरली गडद आणि फिक्या निळ्याची वर्तुळं. १९४४मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या आपल्या हवाई दलाच्या १ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची हरिकेन विमानं याच निळ्या वर्तुळांची. अमेरिकनांनीही १९४२मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका काढला, कारण तेच. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर निळं अशोकचक्र होतं, १९५०पासून तिरंगी वर्तुळ आलं, बाहेर केशरी आणि मध्ये हिरवं. डेकलच्या शीटवर हे सगळे गोल शेजारी शेजारी मांडले, तर एका उपखंडाचं अर्धं शतक हाताच्या पंजात मावतं.

एका चिन्हाचा मात्र डब्यात पत्ताच नसतो. जर्मनीत नाझी स्वस्तिकाच्या प्रदर्शनावर कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे जर्मन विमानांच्या किटमध्ये शेपटाची जागा रिकामी सोडतात किंवा चिन्हाचे दोन तुकडे करून वेगवेगळे छापतात. इतिहास जसा होता तसाच दाखवायचा असेल, तर बाहेरची शीट. फिनलंडच्या विमानदलाचं निळं स्वस्तिक तर नाझींच्याही आधीचं, १९१८चं. स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोझेन यांनी भेट दिलेल्या विमानावर ते होतं, कारण ते त्यांचं शुभचिन्ह. आपल्या उंबऱ्यावरचं चिन्ह कुठून कुठं फिरून आलं!

वाघाच्या शीटसाठी मी फोटो जमवले, पण माझं समाधान होईना. म्हणून बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात गेलो. तिथं सी हॉक आहे, सी हॅरिअरही आहे. दोन तास विमानाभोवती फिरलो, गुडघ्यावर बसून पोटाखालचे फोटो काढले. पहारेकऱ्यानं विचारलं, “काय हरवलंय का?” काय सांगणार? शिवाय संग्रहालयातलं विमान हा पुरावा अर्धाच. समुद्राकाठच्या उन्हापावसात रंग टिकत नाही, विमानं पुन्हा पुन्हा रंगवावी लागतात आणि रंगवणारा माणूस १९८३च्या फोटोला बांधील नसतो. एवढं मात्र झालं, की पत्र्याचे सांधे कुठं येतात आणि शेपटाचा उतार डोळ्यांना कसा दिसतो ते मनात बसलं.

एक दुखणं सांगतो. पूर्वी मागवलेल्या एका शीटवर, कुणाची ते जाऊ दे, ‘नौसेना’ हा शब्द होता. छापणाऱ्यानं इंग्रजी अक्षरांच्या सवयीनं अक्षरं जरा ऐसपैस मांडली होती. रोमन लिपीत ते शोभतं. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते. ‘नौ’, ‘से’, ‘ना’ तीन वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेल्या सदऱ्यांसारखे लोंबत होते. अडीच मिलिमीटरचा शब्द! कुणाला दिसणार? मला दिसत होता. अख्खी संध्याकाळ घालवून, अक्षरं सुटी कापून, एकमेकांना टेकवून लावली. वरून केसाएवढ्या ब्रशनं रेघ ओढली. ती थोडी जाड झाली आहे. तेव्हापासून ते विमान कपाटात उजव्या बाजूनं ठेवतो.

तर, वाघ.

तो विमानावर ठेवायच्या आधीच अर्धी लढाई झालेली असते. लढाऊ विमानाचा रंग बहुतेकदा मॅट, म्हणजे चकाकी नसलेला. मॅट पृष्ठभाग जवळून बघितला तर सगळा डोंगर-दऱ्यांचा. पापुद्रा शिखरांवर टेकतो आणि दऱ्यांत हवा राहते. त्या हवेवरून उजेड परततो आणि डेकलखाली चंदेरी झाक दिसते, जणू विमानाला कोड फुटलंय. उपाय उलटा आहे. आधी विमानाला चकचकीत वार्निश मारायचं म्हणजे दऱ्या भरतात, डेकल लावायचं आणि शेवटी सगळ्यावर मॅट वार्निश. मॅट दिसण्यासाठी आधी चमकवायचं.

मग दोन बाटल्या. पहिलीचा वास आपल्या ओळखीचा, व्हिनेगरचा. हा द्राव आधी जागेवर लावतात, म्हणजे पाणी थेंब धरून न बसता पसरतं आणि चित्र सपाट टेकतं. दुसरी बाटली धोक्याची. तिच्यातला द्राव पापुद्र्यालाच मऊ करतो. मायक्रोस्केल या अमेरिकन कंपनीच्या ‘मायक्रो सेट’ आणि ‘मायक्रो सोल’ या बाटल्या जगभर चालतात. पहिल्यांदा दुसरी बाटली वापरली होती तेव्हा मी अक्षरशः ओरडलो होतो. द्राव लावल्यावर दोन मिनिटांत सुंदर सपाट बसलेलं चित्र सुरकुतायला लागतं. तापल्या दुधावर साय जमावी तसं. मऊ झालेला पापुद्रा फुगतो, पसरू बघतो, जागा नसते, म्हणून चुण्या पडतात. हात शिवशिवतात. पण या वेळी बोट लावलंत तर संपलं, ओल्या पापडासारखं फाटतं. उठायचं, दिवा मालवायचा आणि झोपायला जायचं. द्राव उडून जातो तसा पापुद्रा आक्रसतो आणि आक्रसताना स्वतःला खाली ओढून घेतो. पत्र्याच्या सांध्यांत, खिळ्यांच्या डोक्यांवर, प्रत्येक खाचेत. कुणी बघत नसताना.

आमच्या हवेत आणखी एक शत्रू असतो, पावसाळा. जुलैत कपाट उघडं राहिलं तर डिंक दमट होतो आणि शीटवर शीट चिकटून बसते. म्हणून प्रत्येक शीट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. जुनी शीट पिवळी पडली असेल तर पिशवीसकट खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवायची, ऊन तिचा पिवळेपणा काढतं. ज्या उन्हात सदऱ्यांचे रंग उडतात, तेच ऊन इथं कामाला येतं. तडे गेलेल्या शीटवर वापरायच्या आधी वार्निशचा एक हात. आणि कुठलीही जुनी शीट असो, आधी नको असलेलं एखादं चित्र पाण्यात टाकून बघायचं. अलीकडे झेकियातल्या एडुआर्ड कंपनीनं आणखी नवल केलंय. डेकल वाळलं की वरचा पारदर्शक पापुद्रा सोलून काढता येतो, मागं राहते फक्त शाई. नाण्याच्या जाडीचा प्रश्नच मिटला. बघितलं तेव्हा मला जरा चुटपुटच लागली. इतकी वर्षं पापुद्रा लपवण्यात गेली, आणि ही पोरं तो सोलून टाकतात.

पैशांचं विचाराल तर सांगायला लाज वाटते. कधी कधी शीट किटपेक्षा महाग पडते. एका शीटवर पाच-सहा विमानांच्या खुणा असतात, त्यातलं आपण करणार एक. उरलेले आकडे आणि वर्तुळं मिठाईच्या रिकाम्या डब्यात जमत जातात, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. माझ्या डब्यात निदान चाळीस विमानांच्या खुणा आहेत. विमानं नाहीत.

रात्री दुसरी बाटली लावून झोपलो होतो. आज सकाळी चहा टाकायच्या आधी टेबलाशी गेलो. पडदा सरकवला. शेपटाच्या डाव्या बाजूला वाघ बसला होता. सुरकुती एकही नाही. त्याच्या पोटातून पत्र्याच्या सांध्याची बारीक रेघ आरपार गेलेली दिसत होती, रंगवलेल्या वाघातून जावी तशी. विमान थोडं तिरपं धरलं, उजेड फिरवला, कड शोधली. सापडली नाही.

उजवा वाघ अजून कागदावर आहे. तो या डाव्याचं उलटं प्रतिबिंब असतो, कारण वाघाची झेप दोन्ही बाजूंनी विमानाच्या नाकाकडेच हवी. एकदा कापून वेगळे केले की डावा कुठला, उजवा कुठला, याचा घोटाळा होतो, आणि पाण्यात पडलेला वाघ परत कागदावर चढत नाही. म्हणून त्याच्या पाठीमागं पेन्सिलीनं बारीक ‘उ’ लिहिलाय. पाणी तापत ठेवलंय. चहाचं आधण मागाहून टाकीन.